खिडकीचा हात, दाराचा हात

६ फेब्रुवारी

ताई,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग म्हणशील, "हिचं काहीतरी काम असणार." आहेच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी रडते, तू ओरडतेस, आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

आमचं बरं चाललंय. मी अजून त्याच डेंटल लॅबमध्ये आहे. मेणात दात रोवायचे, प्लास्टरचे साचे फोडायचे, कवळ्या घासून चकचकीत करायच्या. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

पत्र मात्र गुंडीबद्दल आहे. मामाच्या घरी तू तिला मांडीवर घेतलं होतंस तेव्हा ती खरंच गुंडीएवढी होती, नावही तूच ठेवलंस. आता अकरा वर्षांची झाली.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांसाठी एक बैठकीची खोली आहे. घर सोडून जाताना कोणीतरी टाकून दिलेला पियानो तिथे पडून असतो, लोक त्याच्यावर छत्र्या ठेवतात. गेल्या रविवारी रखवालदार वर आला. म्हणाला, "बाई, खाली कोणी रेडिओ चालू ठेवलाय म्हणून बंद करायला गेलो, तर तुमची मुलगी!" मी धावत खाली गेले. सकाळी दात घासताना रेडिओवर जे लागलं होतं ते ती वाजवत होती. दोन्ही हातांनी. तिला कोणी काही शिकवलेलं नाही, ताई. लहानपणी पियानो वाजवताना तू मला शेजारी बसवून पानं उलटायला लावायचीस, त्यामुळे मला एवढं तरी कळतं. ते चुकत नव्हतं.

आवाजांचं वेड तिला आधीपासूनच आहे. आमचा फ्रिज आणि लिफ्ट "भांडतात" असं म्हणायची. मी हसण्यावारी नेत होते. परवा दारात उभं राहून नीट ऐकलं. खरंच भांडतात.

तू जन्मभर पियानोच शिकवलास. सांग, मी काय करू? अभ्यासात ती जरा मागे आहे, पण ते काय, चालायचंच.

तुझी,
पानं उलटणारी

*

१७ फेब्रुवारी

पानं उलटणाऱ्या बाईंना,

चष्मा पुसला. पत्र दोनदा वाचलं.

प्रत्येक आईला आपल्या घरात चमत्कार ऐकू येतो. असे बरेच चमत्कार माझ्याकडे येऊन गेलेत. रोज सराव करावा लागतो हे समजलं की त्यातले बहुतेक पळ काढतात. तरी रेडिओचं ऐकून कान टवकारले, नाकारत नाही.

सोबत पहिलं पुस्तक पाठवते आहे. रोज अर्धा तास, सुरुवातीच्या पानांवरचंच. कानाने वाजवू देऊ नकोस. कानावर भिस्त ठेवणारी मुलं पुढे अडकतात. आधी स्वरलिपी वाचायला शिकू दे. महिन्याने कळव.

आणि "जरा मागे" म्हणजे किती, तेही लिही. लहानपणी झाडावरून पडलीस तेव्हाही "जरा लागलंय" म्हणाली होतीस, आणि हाड मोडलं होतं.

ताई

*

२२ मार्च

ताई,

पुस्तक केव्हाच पोचलं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहिले.

पहिल्या दिवशी गुंडीने पान बघितलं आणि म्हणाली, "मुंग्या आहेत." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कालच्या मुंग्या हलल्यात." मी बोट ठेवून दाखवत होते, ही रेघ, हा ठिपका, हा वरचा, हा खालचा. ती माझ्या बोटाकडेच बघत होती. पुढे एक दिवस पुस्तक बादलीत सापडलं. मी रागावले, तर रडत म्हणाली, "मुंग्या मरतच नाहीत."

आता खरं सांगते. गुंडीला वाचता येत नाही. स्वतःचं नाव लिहिते, त्यातलंही एखादं अक्षर उलटं पडतं. घड्याळ कळत नाही. डावं-उजवं कळत नाही. दोन कामं एकदम सांगितली तर दोन्ही राहतात. सगळ्या तपासण्या झाल्यात. आळस नाही, हट्ट नाही, औषधाने जाणारंही नाही. शिकण्याची अडचण मोठी आहे आणि एकूण समजही वयाच्या मानाने हळू आहे. शाळेत तिला वेगळ्या वर्गात बसवतात. तिथल्या बाई जीव लावतात, पण मुलं सहा आणि हात दोनच, म्हणून बहुतेक वेळ चित्रं रंगवायला देतात.

तुला आधी कळवलं नाही, कारण जिथे आधी कळवलं तिथे लोकांनी तिचं वाजवणं ऐकलंच नाही. "अरेरे, तरीही किती छान" म्हणाले. तू तसं म्हणू नयेस असं वाटलं.

ह्यांचं म्हणणं वेगळं आहे. "वाजवते ते चांगलंच आहे, पण तिला रस्ता ओलांडता यायला हवा, बस पकडता यायला हवी. आपण काय जन्माला पुरणार आहोत?" ती झोपली की आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत भांडतो.

तू नाही म्हणालीस तरी राग नाही.

तुझीच

*

२८ मार्च

अगं वेडे,

पुस्तक ही माझी घाई. ते बादलीतच असू दे.

सुट्टी लागली की तिला घेऊन ये आणि तू लगेच परत जा. आई खोलीत असली की मुलं आईच्या चेहऱ्याकडे बघत वाजवतात. जमेल असं वचन देत नाही. ऐकते, एवढंच म्हणते.

ताई

*

९ मे

धाकटे,

तू गेल्यावर ती माझ्या घरात फिरून प्रत्येक दार उघडून बंद करून आली. न्हाणीघराचं दार तिला आवडलं. मग पियानोसमोर बसली आणि मी काही सांगायच्या आत वाजवू लागली. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. विद्यार्थ्याला माझा चेहरा दिसू नये असं मला वाटण्याची वेळ फार क्वचित येते.

तर, तुला चमत्कार ऐकू आला होता तो आहे. पण चमत्काराला शेंडा-बुडखा नाही. पहिला भाग सुरेख, मग तिसरा, मग पुन्हा पहिला, आणि मग रडू. सूर एकही विसरत नाही, क्रम विसरते. आणि मी "डावा हात" म्हटलं की दोन्ही हात उचलून माझ्याकडे बघते, पोलिसाने पकडल्यासारखी.

पहिला आठवडा मी ओरडले. ते तुला ती सांगेलच, म्हणून आधीच सांगते. ओरडल्याने तिचे कान बंद होतात, हे मला आठ दिवसांनी कळलं.

मग डावा-उजवा बंद केला. माझा पियानो कुठे आहे ते तुला ठाऊक आहे, डावीकडे खिडकी, उजवीकडे दार. म्हणून आता खिडकीचा हात आणि दाराचा हात. एका दुपारीत काम झालं. गाण्याच्या भागांनाही नावं दिली, तिनेच दिली. एक आहे "जिना", एक "भांडी पडली", एक "म्हातारा हळूहळू उतरतो". मी म्हणते, जिना, मग भांडी, मग म्हातारा, मग परत जिना. त्याची ती गोष्ट करते आणि गोष्ट ती विसरत नाही. काल पहिल्यांदा अख्खं गाणं वाजलं. वाजवून झाल्यावर म्हणाली, "म्हातारा पोचला."

आज पुन्हा सगळं विसरली. उद्या पुन्हा सांगू.

ताई

*

२३ मे

आई,

हे ताईमावशी लिहितेय पण मी सांगतेय. ती म्हणाली, जसं सांगशील तसंच लिहीन.

मला काल राग आला. मी पियानोच्या खाली जाऊन बसले. ताईमावशी पण खाली येऊन बसली. मग तिला उठता येईना. मी ओढलं. आम्ही खूप हसलो.

ताईमावशी दुपारी घोरते. सुरात नाही. ती म्हणते हे नको, पण लिही.

माझी आता चार गाणी झाली. एकात म्हातारा आहे. एकात पाऊस आहे पण तो छपरावरचा आहे, रस्त्यावरचा नाही. बाबाला विचार, फ्रिज आणि लिफ्ट अजून भांडतात का. मी नसताना पण भांडतात का.

तुझी आठवण येते, पण वाजवताना येत नाही. नंतर येते.

गुंडी

(आता माझं. इथल्या मोठ्या संगीतशाळेत जूनच्या शेवटी प्रवेशासाठी मुलांना ऐकतात. राहायची सोय आहे, रोज शिकवणारे आहेत, आणि इतर मुलं आहेत जी तिच्यासारखीच दिवसभर आवाजातच असतात. तिला बसवावं असं मला वाटतं. माझं वय तुला माहीत आहे. मी तिला किती वर्षं पुरणार? नवऱ्याने वाट अडवू नये, एवढं बघ. — ताई)

*

३० मे

ताई,

गुंडीचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि घोरण्यावर इतके हसले की शेजारच्यांनी भिंत ठोकली. मग तुझं खालचं वाचलं आणि पत्राची घडी घातली.

तू लिहितेस तसं ते वाट अडवत नाहीत गं. म्हणाले, "तिथे सगळं सांगितलंय का, तिचं कसं आहे ते? राहायचं म्हणजे कपडे कोण काढून देणार, रस्ता कोण दाखवणार?" मी म्हटलं, ताईने सांगितलंच असेल. मग म्हणाले, "मग जाऊ दे. मला त्यातलं कळत नाही, म्हणून तिचं अडायला नको."

मी तुझ्यावर सगळं सोपवते. परीक्षेच्या दिवशी येईन.

तुझी

*

२ जुलै

ताई,

त्या दिवशी तुझ्याशी एक शब्दही न बोलता मी तिला घेऊन गाडीत बसले. बोलले असते तर नको ते बोलले असते. आता चार दिवस झालेत, तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

मी बाहेर बाकावर बसले होते. आतून आधी तिचं गाणं आलं, छान आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग कोणीतरी हसलं. मग धाडकन झाकण पडल्याचा आवाज झाला, आणि ती बाहेर येऊन माझ्या कुशीत घुसली. सबंध प्रवासात एकच वाक्य बोलली, "खिडकी चुकीच्या बाजूला होती."

घरी आल्यापासून तळमजल्यावर पाऊल टाकलेलं नाही. रेडिओ लावला की कान झाकते.

मला एकच सांग. तू त्या लोकांना आधी सांगितलं होतंस का?

*

९ जुलै

धाकटे,

नाही. सांगितलं नव्हतं.

तिघे होते. तिने पहिलं गाणं वाजवलं तेव्हा मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकलं. मग शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आता फक्त डावा हात वाजव, पहिल्यापासून." तिने विचारलं, "डावा म्हणजे खिडकीचा ना?" ते हसले. दुष्टपणाने नव्हे, मुलांच्या बोलण्याला हसतात तसे. म्हणाले, "बरं, खिडकीचा." त्या खोलीत खिडकी उजवीकडे आहे. तिने खिडकीकडे बघितलं आणि शहाण्या मुलीसारखा खिडकीचा हात उचलून पलीकडे खालच्या सुरांवर नेला. हातात हात अडकले. पुन्हा प्रयत्न केला. तेवढ्यात त्यांनी "असू दे, हे वाच" म्हणून समोर कागद ठेवला. पुढचं तू ऐकलंस.

का सांगितलं नाही? तू मला ज्या कारणासाठी सांगितलं नव्हतंस, त्याच कारणासाठी. आधी ऐकावं त्यांनी, असं वाटलं. तू निदान घरातल्या माणसापासून लपवलंस. मी तिला परक्या खोलीत एकटीला पुढे केलं, आणि जे मी सांगायला हवं होतं ते तिच्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर काढलं. आणि खिडकी-दार ही माझ्या खोलीतली खूण आहे, जगातली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चूक माझी आहे. तिला माझं वाजवणं चालेल असं वाटलं तर सांग, मी गाणी रेकॉर्ड करून पाठवेन.

ताई

*

२५ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी लॅबमध्ये एक अख्खी कवळी उलटी रचली. माझा राग तेव्हाच गेला. आपण दोघी सारख्याच निघालो, त्यावर कसलं रागवायचं? पण लिहायला उत्साह नव्हता, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

गुंडी वाजवत नाही. सध्या काही पाठवू नकोस. एकदा मी तिला हाताला धरून खाली नेलं, तर ती पियानोखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. मी विनवण्या केल्या, चिडले, शेवटी हात टेकले. संध्याकाळी हे कामावरून आले, तसेच मळक्या कपड्यांनी फरशीवर बसले. म्हणाले, "गुंडे, मी इथेच आहे. घाई नाही." मला म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आधी दार नको असतं. बाहेर कोणीतरी आहे, हे त्याला कळायला हवं." कितीतरी वेळ दोघं तशीच बसली होती. मग ती बाहेर आली, पण वर घरी जायलाच.

तेव्हापासून हे रविवारी तिला घेऊन बाहेर पडतात. कुठे जातात, दोघंही सांगत नाहीत.

तुझी

*

४ ऑक्टोबर

ताई यांस,

नमस्कार. मी गुंडीचा बाप. पत्र लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं समजून घ्या. तुमची पत्रं हिने मला वाचायला दिली, त्यावरून लिहितो.

मी तिला बसने एकटं जायला शिकवायचं ठरवलं होतं. घरापासून हिच्या लॅबपर्यंत, एवढाच रस्ता. नंबर वाचता येत नाही, तर मी तिला ड्रायव्हरला विचारायला शिकवलं. ते जमलं. पण थांबे लक्षात राहीनात. पूल आधी की बाजार आधी, दर वेळी नवा घोटाळा. तुम्ही गाण्याच्या भागांना नावं दिलीत आणि ओळीने लावलीत, ते माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, उलटं करून बघू. थांब्यांना गाणं लावू. पुलाला एक ओळ, बाजाराला एक ओळ, मोठ्या वळणाला एक ओळ. मीच चाल लावली आणि बसमध्ये गायलो. माझा आवाज लिफ्टच्या न लागणाऱ्या दारासारखा आहे. लोक वळून बघत होते. एक बाई जागा बदलून बसली.

तिसऱ्या रविवारी गुंडी म्हणाली, "बाबा, पूल खाली जात नाही, वर जातो." मी म्हटलं, बरं, वर. पण मला वर नेता येईना. घरी आलो तरी मी चुकीचंच गुणगुणत होतो. तिला ते सहन होईना. माझा हात धरून खाली घेऊन गेली, पियानोवरच्या छत्र्या जमिनीवर टाकल्या, आणि पुलापासून लॅबपर्यंत सगळा रस्ता वाजवून दाखवला. वळणाला तर मी बसमध्ये दांडा धरतो तसा तिने पियानोच धरला. जेवायला हाक मारली तरी उठेना.

मी तिला वाजवायला सांगितलं नव्हतं. मुद्दाम चुकीचंही गायलो नव्हतो. मला तसंच येतं.

हे तुम्हाला कळवावं असं वाटलं. आणि बसचा रस्ता आता तिला पाठ आहे.

आपला,
गुंडीचा बाप

*

१३ ऑक्टोबर

गुंडीच्या बाबांना,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, मग रडले, मग पुन्हा पुलाचा भाग वाचला. मी तुमच्याबद्दल "वाट अडवू नये" असं लिहिलं होतं. तेही तुम्ही वाचलंच असेल. माफ करा.

नवीन गाणी रेकॉर्ड करून पाठवते आहे, तुकड्या-तुकड्यांनी, नावं न देता. नावं तिने द्यावीत. हातांसाठी आता खिडकी नको. एक हात "जाडा", एक "बारीक" म्हणा. जाडे सूर आणि बारीक सूर कुठल्याही पियानोवर आपली जागा सोडत नाहीत.

आणखी एक. त्या संगीतशाळेतल्या मधल्या बाईंना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा ऐकायचंय, या वेळी तिच्या पद्धतीने. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तिला विचारा. तिला कळेल तसं, हवा तेवढा वेळ देऊन.

ताई

*

१८ डिसेंबर

ताई,

आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लॅबच्या अलीकडे दोन थांब्यांवर एक सभागृह आहे. तिथे एक बाई लहान मुलांना नाच शिकवतात. त्यांची कवळी मीच केली, तेवढी ओळख. त्यांच्याकडे साथीला वाजवणारं कोणी राहिलं नाही, यंत्रावर गाणी लावून शिकवतात. मी भीतभीतच गुंडीबद्दल बोलले आणि तिला घेऊन गेले.

दारातच माझी घालमेल सुरू झाली. आधी सांगू, की आधी ऐकू दे? मी सांगायला पुढे झाले, तेवढ्यात गुंडीच बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला वाचता येत नाही. डावं-उजवं पण येत नाही. तुम्ही गाऊन दाखवा, मी वाजवते."

कसलंही ओझं नाही, मान खाली नाही. बाहेर पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तसं सांगितलं. ताई, अकरा वर्षं मी ही वाक्यं घशाखाली ढकलत होते.

बाईंनी गाऊन दाखवलं. गुंडीने वाजवलं. मुलं नाचायला लागली, आणि मध्येच एक छोटी गिरकी घेताना आपटली. गुंडी थांबली. ती मुलगी उठून, नाक पुसून, पुन्हा पाय जुळवून उभी राहीपर्यंत थांबली, आणि मग बरोब्बर तिथूनच, गिरकीपासून, पुढे वाजवू लागली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यंत्र कुणासाठी थांबत नाही हो."

आता आठवड्यातून दोनदा जाते. पहिल्या वेळी हे बरोबर गेले. पुढच्या आठवड्यापासून ती एकटी जायचं म्हणतेय. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझा संगीतशाळेचा प्रश्न आम्ही तिला तीनदा विचारला. उत्तर तीच देणार म्हणते.

तुझी धाकटी

*

२६ जानेवारी

ताईमावशी,

आज बाबा लिहितोय. त्याचं अक्षर वाकडं आहे, आईने सांगितलं.

मी त्या शाळेत येणार नाही. आत्ता नाही. त्या बाईंना सांग, त्यांनी पेन खाली ठेवलं ते मी पाहिलं होतं. त्या चांगल्या आहेत. पण मी तिकडे आले तर इथे पोरं पडली की कोण थांबणार? मोठी झाले की विचारा परत.

तू पाठवलेल्या गाण्यातल्या दुसऱ्या तुकड्याचं नाव "थंड फरशी". तिसऱ्याचं अजून सापडलं नाही. चौथ्यात तू चुकलीस. मी तुझी चूक पण वाजवते, मला ती आवडते.

मी आता एकटी बसने जाते. ड्रायव्हर ओळखतो. एकदा चुकून पुढे गेले. मग उतरले, एका बाईंना विचारलं, परत आले. रडले नाही. थोडी रडले.

तू सुट्टीत इकडे ये. मी तुला घ्यायला स्टँडवर येईन. एकटी येईन. तुला बस समजणार नाही, तिला गाणं आहे, मी शिकवीन.

बाबा म्हणतो, एकटी जा. पण तो मागच्या दाराने चढतो आणि सगळ्यात मागे बसतो. दर वेळी. त्याला वाटतं मला कळत नाही. त्याच्या खिशात लिफ्टच्या चाव्या आहेत, खड्डा आला की त्या वाजतात. मी मागे बघत नाही. बघितलं तर तो उतरून जाईल.

आता बाबा लिहायचा थांबलाय.

लिही ना, बाबा.